सहा मीटर माळ

सहाशे मिलिमीटरच्या लेन्समधून जग फार थोडं दिसतं. शंभर मीटरवर चिंकारा उभा असेल, तर त्याला धरून सहा मीटर रुंद आणि चार मीटर उंच एवढाच माळ चौकटीत मावतो. बाकीचा माळ, आभाळ, मागची टेकडी, डावीकडून येणारा मेंढ्यांचा कळप, सगळं बाहेर राहतं. उघड्या डोळ्यांना जवळजवळ अर्धं क्षितिज एकाच वेळी जाणवत असतं. इथे जेमतेम साडेतीन अंश. आभाळात पौर्णिमेचे सात चंद्र शेजारी शेजारी मांडले तर होईल तेवढी रुंदी. या चिंचोळ्या जागेत नजर मुरवणं हे नव्या लेन्सबरोबरचं पहिलं काम, आणि मला ते काम मनापासून आवडलं आहे.

लेन्स घरी आली तेव्हा तिने काही टिपायच्या आधी मी तिच्याकडेच पाहत बसले होते. पुढची काच जवळपास पंचाण्णव मिलिमीटर व्यासाची. वाकून आत पाहिलं की काचांमागे काचा, आणि त्यांच्यावर खोल कुठेतरी थरथरणारे हिरवे-जांभळे ठिपके. वजन दोन किलोंच्या थोडं वर. साधं भिंग घेतलं तर सहाशे मिलिमीटरच्या नाभीय अंतराला नळीही साधारण तेवढीच लांब लागली असती. टेलिफोटोत पुढचा बहिर्गोल काचांचा गट प्रकाश गोळा करतो आणि मागचा अंतर्गोल गट किरणांचं एकत्र येणं जरा लांबवतो, म्हणून आखूड नळीत लांब पल्ला बसतो. 1891 च्या सुमारास इंग्लंडमध्ये थॉमस डालमेयर आणि जर्मनीत आडोल्फ मीथे हे दोघं आपापल्या वाटेने या रचनेपर्यंत पोहोचले होते. सव्वाशे वर्षांहून जुनी ही युक्ती आज माझ्या खांद्यावर आहे, या विचाराने मला खरोखर भरून येतं.

दुसरी गोष्ट रंगांची. प्रत्येक रंग काचेतून जाताना थोडा वेगळा वळतो. लांब पल्ल्याच्या भिंगात हा फरक उघडा पडतो आणि पांढऱ्या पक्ष्याच्या कडेला जांभळी रेघ उमटते. त्यावरचा उपाय म्हणजे फ्लोराइटचा स्फटिक, किंवा त्याच्या गुणाची खास काच. फ्लोराइट हे जमिनीत सापडणारं खनिज आहे. शेजारच्या गुजरातेत आंबाडुंगरला त्याच्या खाणी आहेत. पण भिंगाला हवा तेवढा मोठा आणि निर्मळ स्फटिक भट्टीत वाढवावा लागतो. कॅननने असा स्फटिक घातलेली छायाचित्रणाची लेन्स 1969 मध्ये बाजारात आणली. म्हणून माझी पहिली परीक्षा ठरलेली होती: गडद पाण्यापुढे उभा पांढरा बगळा.

त्या परीक्षेला भिगवणइतकी चांगली जागा नाही. भीमेवरचं उजनी धरण 1980 मध्ये पुरं झालं आणि त्याच्या फुगवट्याने नदीकाठचा केवढा तरी मुलूख पाण्याखाली घेतला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ अजून वर येतं. ज्यांची शेतं त्या पाण्यात गेली, त्यांचं दुःख त्या देवळाकडे पाहताना मला विसरता येत नाही. आणि त्याच पाण्याच्या उथळ चिखलावर हिवाळ्यात पक्ष्यांचं जे काही उतरतं, ते पाहून हरखून जाणंही थांबवता येत नाही. दोन्ही खरं आहे.

कुंभारगावच्या काठावर पहाटे मच्छीमारांच्या होड्या लागलेल्या असतात. आमचा नावाडी विशी-पंचविशीचा होता. पक्ष्यांची मराठी आणि इंग्रजी नावं त्याला सारखीच तोंडपाठ. बांबू रोवत त्याने होडी उथळ पाण्यात घातली, आणि वेलींच्या काळ्या सावलीपुढे बगळा मिळालाच. मान आखडून, एक पाय उचलून तो उभा होता. पहिलं चित्र कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठं करून मी त्याच्या पाठीची कड पाहिली. रेघ नव्हती. पांढरा संपत होता तिथे काळा सुरू होत होता, मध्ये काही नव्हतं. पिसाऱ्याचे केसाइतके बारीक तंतू वाऱ्याने विस्कटलेले दिसत होते. मी ते चित्र नावाड्याला दाखवलं. त्याने मन लावून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, त्याच्या चोचीत बघा, मासा हाय." खरंच, चिमुकला रुपेरी मासा चोचीच्या कडेला अडकला होता. कडा तपासण्याच्या नादात माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

पुढे पट्टकादंब बसले होते. हिमालय ओलांडून येणारी ही बदकं, खरं तर हंसाच्या कुळातली. डोक्यावरचे दोन काळे पट्टे मी आजवर दुर्बिणीतून पाहिले होते. या खेपेला पट्ट्यांखालचा डोळा दिसला, त्यात उगवतीचा ठिपका दिसला, आणि चिखलाने माखलेल्या पायांची नारिंगी कातडी. मग त्यांच्याही पलीकडे, पाणी आणि आभाळ एक झालं होतं तिथे, रोहित पक्ष्यांची फिकी रांग.

"जवळ घेऊ का?" नावाड्याने विचारलं. आणि जरा थांबून, "उडवू का?"

हा प्रश्न त्याने मनाने काढलेला नव्हता. उडत्या रोहितांचे पंख आतून लालभडक आणि काळे असतात आणि ते चित्र सगळ्यांनाच हवं असतं. होडी थेट थव्यात घालायला सांगणारे लोक असतात. जास्तीचे पैसे देणारेही असतात. ज्याचं पोट या होडीवर आहे त्याला मी दोष देणार नाही. मागणाऱ्याला मात्र देईन. त्या पक्ष्यांना उथळ पाण्यात तासन् तास गाळून खायचं असतं, आणि दर होडीगणिक उठायचं म्हणजे खाल्लेलं पंखांवर उधळायचं. "नको," मी म्हटलं, "इथेच थांबू." त्याने बांबू चिखलात रोवला आणि होडी बांधून टाकली. मला वाटतं त्यालाही बरं वाटलं असावं, कारण नंतर तो कितीतरी वेळ माझ्या शेजारी बसून गप्पा मारत होता.

थांबल्यामुळे जे दिसलं ते या लेन्सने दिलेलं मोठं दान होतं. रोहित चोच उलटी करून खातो, हे वाचलं होतं. पण तो एकाच जागी पावलं आपटत स्वतःभोवती हळूहळू गोल फिरतो, तळाचा गाळ उठवतो आणि त्या गढूळ वर्तुळात डोकं बुडवून ठेवतो, हे मी नीट पाहिलं ते इथे. चोचीच्या कडांमधून पाण्याच्या बारीक धारा सुटत होत्या, कारण आत जीभ एकसारखी पाणी ओढत आणि ढकलत होती. एक पोरगेलं, राखाडी पिल्लू मोठ्यांच्या वर्तुळात घुसू पाहत होतं. त्यातल्या एकानेही आमच्याकडे मान वळवली नाही. आम्ही त्यांच्या सकाळीत नव्हतोच.

ऊन चढायच्या आत तिथून निघालो आणि इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळाकडे वळलो. पाण्यावरची लेन्स आणि माळावरची लेन्स या जणू दोन वेगळ्या वस्तू आहेत. पाण्यावर पक्षी समोर मांडलेले असतात. माळावर आधी काहीच नसतं. वाळलेलं कुसळी गवत, तरवडाचा एखादा पिवळा फुलोरा, बोरीची झुडपं, हिवराचं झाड. मग एका दगडाला डोळा फुटतो आणि तो धाविक निघतो. दहा मीटरवर चंडोल उतरला. एवढ्या जवळ या लेन्सची स्पष्टतेची पट्टी जेमतेम दहा सेंटिमीटर जाडीची असते. चंडोल माझ्याकडे तोंड करून बसला होता. त्याचा डोळा आणि तुरा लख्ख, तर शेपूट मागच्या गवतात विरून गेलेली. ते चित्र मला अपुरं वाटत नाही. पाहणं असंच असतं. एका डोळ्यावर जीव जडला की बाकीचं आपोआप मऊ होतं.

भोवत्याने मात्र दमवलं. मध्य आशियाकडून येणारा हा शिकारी पक्षी गवताच्या टोकांवरून तरंगत जातो, पंख इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात धरून, नाकतोडा दिसला की अचानक वळतो. साडेतीन अंशांच्या खिडकीत त्याला पकडायचं तर दोन्ही डोळे उघडे ठेवावे लागतात. एका डोळ्याने माळ, एका डोळ्याने चौकट. जुने जाणते छायाचित्रकार हेच सांगतात, की झूम आधी मागे घ्या, पक्षी सापडू द्या, मग पुढे जा. हळूहळू ते हातात उतरत गेलं. आजचे कॅमेरे पक्ष्याचा डोळा स्वतः शोधून त्यावर फोकस धरतात, लेन्समधली यंत्रणा हाताची थरथर शोषून घेते, आणि तरीही पक्षी कुठे वळेल हे आधी अंगाला कळावं लागतं. ते कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही.

आणि मग साडेनऊ-दहाच्या सुमारास माळ तापला.

चिंकाऱ्यांचा लहानसा कळप हिवराच्या पलीकडे चरत होता. अंतर दीडशे मीटरच्या आसपास. फोकस बसलेला, शटर वेगवान, ट्रायपॉड पक्का. तरी प्रत्येक चित्र वेगळंच. एकात नराची शिंगं वाकडी, दुसऱ्यात मादीचं नाकाड लांबलेलं, तिसऱ्यात चारी पाय गुडघ्याखाली उकळत्या पाकातून पाहिल्याप्रमाणे हललेले. लेन्समध्ये काही बिघाड नव्हता. तापलेल्या जमिनीलगतची हवा पातळ होते, वरची थंड हवा दाट राहते, दोन्ही एकमेकींत घुसळत राहतात आणि त्यांतून येणारा प्रकाश क्षणाक्षणाला नवा वाकतो. तारे लुकलुकतात तेही असंच. लांब पल्ल्याची लेन्स चिंकारा मोठा करते, तशी मधली हवाही मोठी करते. जगातलं सर्वांत महाग भिंग आणलं तरी हे चुकत नाही. उपाय दोनच, जवळ जा किंवा पहाटे या.

मला या लेन्सबद्दल जे म्हणायचं आहे ते इथेच आहे. ती अंतर मिटवत नाही. चिंकारा दीडशे मीटरवर होता आणि दीडशे मीटरवरच राहिला. मधली सगळी हवा, सगळं ऊन, सगळी धूळ चित्रात उतरली. लेन्सने केलं ते एवढंच की तिथे थांबूनही मला पाहता यावं, अशी सोय केली. मी पाऊलभर पुढे झाले असते तर नराने पुढचा खूर आपटला असता, शिंकेचा आवाज काढला असता आणि सगळे उड्या घेत दिसेनासे झाले असते.

प्राण्याला त्याच्या जागी सोडून त्याचं चित्र घेण्याची धडपड जुनी आहे. एतियेन-ज्यूल मारेने 1882 मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा केला. त्यातून सेकंदाला 12 चित्रं निघत. खांद्याला लावून, नेम धरून त्याने उडते पक्षी टिपले आणि एकही पक्षी पडला नाही. 1920 च्या दशकात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हा वनाधिकारी शिवालिकच्या रानात वाघाच्या वाटेवर तार ताणून ठेवी. वाघाचा पाय तिला लागला की उजेड होई आणि चित्र निघे. 1927 मध्ये त्याचं त्यावरचं पुस्तक आलं, ज्या काळात वाघ मारून त्याच्यावर पाय ठेवून उभं राहणं हीच पुरुषार्थाची खूण होती, त्या काळात. चॅम्पियनबद्दल मला नितांत आदर आहे.

आपल्या माळांवर या आदराची फार गरज आहे. इथून जवळच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजचा माळ आहे. माळढोकासाठी 1979 मध्ये तिथे अभयारण्य जाहीर झालं. आज तिथे माळढोक दिसणं हीच बातमी होते. माळ नांगरले गेले, तारा आल्या, कुत्री वाढली. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. गाडी किंवा माणूस जवळ आला की तिला उठावं लागतं, आणि अंडं उन्हात आणि कावळ्यांच्या नजरेत उघडं पडतं. अशा पक्ष्याजवळ चित्रासाठी जाणं हा माझ्या मते अपराधच आहे. ज्याच्याकडे लांब पल्ल्याची लेन्स आहे, त्याला तर जवळ जायला काही कारणच उरत नाही.

परतताना मेंढ्यांचा कळप आमच्याजवळून गेला. मागे पागोटं बांधलेले म्हातारे मेंढपाळ, खांद्यावर घोंगडी. ट्रायपॉडपाशी थांबले. "कशाचं फोटू काढताय ताई?"

मी म्हटलं, "आबा, बघा ना तुम्हीच." आणि लेन्स दूरच्या बांधाकडे वळवली. त्या बांधावर ऊन खात एक खोकड बसलेलं आमच्या नजरेत मघाशीच आलं होतं. आबांनी काठी मला धरायला दिली, वाकले, आणि बराच वेळ वर झालेच नाहीत.

"तिच्या मारी," ते म्हणाले, "पार मिशा दिसत्यात की!"

मग त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याही लेन्समधून मला दिसलं नसतं. ही मादी आहे. बांधाच्या पल्याड तिचं बीळ आहे, दोन-तीन तोंडांचं. बोरं पडली की ती बोरं खाते, पावसाळ्याच्या तोंडाला वाळवी खाते. "शिमग्याच्या मागंफुडं पिल्लं भाईर येत्यात. पन लई जवळ जाऊ नका. वास आला की उचलून दुसरीकडं न्येती."

"किती लांब थांबू?"

त्यांनी माळावरच्या एकुलत्या कडुनिंबाकडे काठी केली. निंबापासून बिळापर्यंत मी नजरेने अंतर काढलं, ऐंशी मीटर असेल. तिथून या लेन्समध्ये पावणेपाच मीटरपेक्षा थोडी जास्तच रुंदी येईल. बिळाचं तोंड, आई, आणि बाहेर येतील तेवढी सगळी पिल्लं त्यात मावतील. उजाडायच्या आधी येऊन बसायचं, म्हणजे माळ तापायच्या आत दोन तास तरी मिळतील. आबांनी त्यांच्या नातवाचा नंबर मला लिहून दिला आहे. पिल्लं दिसली की ते मिस्ड कॉल देणार आहेत.