ज्वारीच्या दाण्याएवढं पोट

आमच्या बुलढाण्यात पोटदुखीचं निदान कुणीही करतं. ‘तिखट सोडा, जागरण टाळा, टेन्शन घेऊ नका.’ चिखलीत राहणाऱ्या माझ्या बाबांनी हे वर्षानुवर्षं ऐकलं. पुढे एन्डोस्कोपी झाली. अल्सर निघाला, आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणूही.

ऑस्ट्रेलियाचे डॉ. बॅरी मार्शल हेच सांगत होते, पण फारसं कुणी मानेना. १९८४मध्ये त्यांनी ते जिवाणू स्वतःच प्यायले आणि जठराला सूज आलेली दाखवली. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, थेट प्रॉडक्शनवर टेस्टिंग! २००५मध्ये रॉबिन वॉरन यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं.

टेस्ट सर्व्हर आला २०१४मध्ये. अमेरिकेत सिनसिनाटीच्या संशोधकांनी मानवी मूलपेशींपासून साधारण महिनाभरात ज्वारीच्या दाण्याएवढी, आतून पोकळ जठरं वाढवली. बारीक सुईने त्यांत जिवाणू सोडले. चोवीस तासांत जिवाणू अस्तराला चिकटले, पेशी जास्त वेगाने वाढू लागल्या.

त्या जठराने कधी ठेचा खाल्ला नव्हता. त्याला पोरीच्या लग्नाचं टेन्शन नव्हतं, सोयाबीनच्या भावाचंही नव्हतं. घरात कुणाचं पोट सतत दुखत असेल, तर त्याच्या स्वभावाला नावं ठेवण्याआधी तपासणी करून घ्या.