खरी मुदत

वैद्यकीय प्रवेशाची तयारी बारावीत करावयाची, असा आम्हां परप्रांतस्थ नोकरदारांचा समज. भिलाईत शिकवणी, मार्चच्या सुमारास बोर्ड, मे महिन्यात 720 गुणांची ‘नीट’. एवढे वेळापत्रक पुष्कळांना पाठ असते. परंतु महाराष्ट्रातील शासकीय महाविद्यालयांच्या 85 टक्के जागा राज्याच्या वाट्याच्या, आणि त्यांकरिता, काही अपवाद वगळता, दहावी व बारावी दोन्ही तेथूनच उत्तीर्ण व्हावे लागते. उरलेल्या 15 टक्क्यांसाठी सारा देश रांगेत! तेव्हा खरी मुदत नववीतच संपते. आणि बदलीचे हुकूम काही मुलांच्या इयत्ता पाहून निघत नाहीत.

आमची कन्या यंदा नववीत आहे. तिची आजी नागपुरास एकटीच असते. मधली खोली रिकामीच आहे, असे तिने परवा फोनवर सांगितले. सौभाग्यवतींनी ते ऐकले. अद्याप चकार शब्द काढलेला नाही.