घरोघरच्या तारेचे मोजमाप

कराडचा कोल्हापूर नाका मागे टाकून दक्षिणेकडे निघालेल्या प्रवाशाला आपण अद्याप कराडातच आहोत असे वाटत असते, तेव्हा तो मलकापुरात शिरलेला असतो. आगाशिवाच्या पायथ्याशी वसलेल्या आणि पुणे-बंगळूर महामार्गाने मधोमध दुभंगलेल्या या गावाने, ते लहानशी नगरपंचायत असतानाच, घरोघरी मीटर बसवून चोवीस तास पाणी देण्याची योजना अमलात आणली आणि ती पाहण्यास दूरदूरच्या नगरपालिकांची शिष्टमंडळे येऊ लागली, ही हकीकत महाराष्ट्रात पुष्कळांस ठाऊक आहे. त्या योजनेत मला सर्वाधिक मोलाचे वाटते ते माप. घरात किती पाणी आले हे उंबरठ्यावर मोजले जाते, अधिक वापरणाऱ्यास चढता दर पडतो, आणि देणारा व घेणारा असे दोन्ही पक्ष एकाच आकड्यावर विश्वास ठेवून आपला जमाखर्च मांडतात. त्याच उंबरठ्यावरून आता इंटरनेट आणणारा काचेचा एक बारीक तंतू घरात गेला आहे. त्यासाठी दरमहा पाण्याच्या पट्टीहून अधिक रक्कम देणारी कुटुंबेही थोडी नाहीत. परंतु त्यातून आपणांस वस्तुतः काय मिळते, याचे विश्वसनीय माप त्या कुटुंबांच्या हाती नाही. कराड, पाटण, वाळवा, शिराळा या टापूत असे तंतू ओढणे, जोडणे आणि तपासणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे, ही उणीव मला दररोज जाणवते.

ही सेवा विकण्याची परिमाणे आपल्याकडे वारंवार बदलत गेली आहेत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा विक्री तासांवर होती: टेलिफोनच्या तारेवरून सेकंदास ९.६ किलोबिट एवढ्या मंद गतीने वर्षाला २५० तास. २००४च्या धोरणाने सेकंदास २५६ किलोबिट गतीला 'ब्रॉडबँड' ही पदवी बहाल केली. २०१३ साली ती मर्यादा ५१२ किलोबिटांवर आणि २०२३ साली २ मेगाबिटांवर नेण्यात आली. भारत संचार निगमाची 'डाटावन' सेवा २००५च्या आरंभी आली आणि तासांची जागा मेगाबाइटांनी घेतली. ठरलेला साठा संपला की पुढच्या प्रत्येक मेगाबाइटला रुपयाच्या आसपास आकार पडे, आणि त्यामुळे महिनाअखेर येणाऱ्या बिलाची धास्ती मध्यमवर्गीय घरात कायमची मुक्कामाला असे. त्याच काळात काही योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेतला वापर हिशेबात न धरण्याची मुभा होती. शेकडो तरुण गजर लावून दोन वाजता उठत व उतरवून घ्यायचे ते उतरवून पुन्हा निजत. २५६ किलोबिटांच्या गतीने त्या सहा तासांत जेमतेम ७०० मेगाबाइट, म्हणजे एक चित्रपट, पदरात पडे. ही मुभा मला आजही लक्षणीय वाटते, कारण तिच्यामध्ये या व्यवसायाचे एक मूलभूत सत्य उघडपणे मान्य केलेले होते, आणि पुढे त्याचा विसर पडत गेला.

ते सत्य पाण्याच्या उदाहरणानेच स्पष्ट होते, मात्र साम्याने नव्हे तर भेदाने. कोयनेतून उचललेले पाणी शुद्ध करून टाकीत चढवावे लागते. ते एका घरात वापरले गेले की दुसऱ्या घरासाठी उरत नाही. म्हणून त्याचे माप घनमीटरात होणे आणि अधिक उपशाला अधिक दर असणे सर्वस्वी न्याय्य आहे. तारेतील माहिती अशी खर्च होत नाही. मध्यरात्री कोणी शंभर गिगाबाइट उतरवून घेतले, तरी सकाळी शेजाऱ्याच्या वाट्यात कणभरही घट झालेली नसते. टंचाई असते ती एका क्षणी किती वाहून नेता येईल याची, आणि ती टंचाई संध्याकाळी साडेसात ते अकराच्या दरम्यान, विशेषतः रात्री नऊच्या सुमारास, उत्पन्न होते.

याची रचना सांगितल्यावाचून पुढचे म्हणणे पटणार नाही. आज घरोघरी जी फायबर येते, तिच्यामागे बहुतांशी 'जीपॉन' नावाची पद्धत असते. केंद्रातून निघालेल्या एका तंतूवर सेकंदास सुमारे २.५ गिगाबिट उतरतात, आणि वाटेतल्या खांबावरील स्प्लिटर तो प्रकाश ३२ किंवा ६४ घरांत वाटून देतो. सर्व घरांनी एकाच क्षणी पूर्ण मागणी केली, तर ३२ घरांत प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे ७८ मेगाबिट आणि ६४ घरांत सुमारे ३९ मेगाबिट येतील. या तंतूवर १०० मेगाबिटांच्या योजना विकण्यात गैर काही नाही, कारण सर्व घरे एकाच क्षणी तुटून पडत नाहीत. खरी अडचण बहुधा याच्याही मागे असते: गावातल्या केंद्रापासून पुणे-मुंबईकडे जाणारी जी वाट सेवादाराने भाड्याने घेतलेली असते, ती वर्गणीदार वाढले तरी पुष्कळदा तेवढीच राहते. कृष्णा रुग्णालयाच्या परिसरात भाड्याच्या खोल्यांतून राहणारे विद्यार्थी जेवण आटोपून एकाच वेळी संगणक उघडतात, आगाशिवनगरच्या घरांतून दूरदर्शनसंच सुरू होतात, आणि दुपारी ९५ दाखवणारी गती रात्री १८ वर उतरलेली मी स्वतः मोजली आहे. अशा वेळी ग्राहक मासिक मर्यादेच्या आत असतो, तार शाबूत असते, दरपत्रकातील एकही शर्त मोडलेली नसते. तरीही ज्यासाठी पैसे भरले ते त्याला मिळालेले नसते.

मग मासिक मर्यादा कोणाचे रक्षण करते? २०१९च्या सप्टेंबरात 'जिओफायबर' आले, तेव्हा ६९९ रुपयांच्या योजनेत १०० मेगाबिटांची गती आणि १०० गिगाबाइटांचा मूळ साठा होता. पूर्ण गतीने हा साठा सव्वादोन तासांत संपतो. पुढच्याच वर्षी ३९९ रुपयांत ३० मेगाबिट अशी योजना आली आणि तिला 'अमर्याद' हे विशेषण लाभले. 'भारत फायबर'ने ४४९ रुपयांत तेवढीच गती देऊ केली. दोन्हींच्या शर्तींत बारीक अक्षरांत ३,३०० गिगाबाइटांची सीमा होती. ३० मेगाबिटांची धार अखंड चालू ठेवली, तर ही सीमा दहा दिवसांत गाठली जाईल. परंतु कोणतेही कुटुंब असे वागत नाही. उत्तम प्रतीच्या चित्राला तासाला सव्वादोन गिगाबाइट लागतात असे धरले, तर दोन दूरदर्शनसंच महिनाभर अहोरात्र चालू ठेवूनही ती सीमा ओलांडली जात नाही. तेव्हा सामान्य गृहस्थाने या आकड्याची चिंता करू नये आणि केवळ तो मोठा दिसतो म्हणून एक योजना सोडून दुसरी घेऊही नये, असा माझा स्पष्ट सल्ला असतो.

मर्यादेने गर्दी आवरली जात नाही, याचा पुरावा २०२०च्या मार्चमध्ये साऱ्या जगापुढे आला. अमेरिकेत कॉमकास्टसारख्या बलाढ्य कंपनीने, लोक घरात कोंडले गेले व वापर अभूतपूर्व वाढला नेमक्या त्या वेळी, आपली मासिक मर्यादा काही महिने स्थगित केली, आणि तिचे जाळे कोसळले नाही. आपल्याकडे ताण जाणवला तेव्हा चित्रपट दाखवणाऱ्या कंपन्यांनी काय केले? मोबाइलवरील चित्राची प्रत उतरवली. म्हणजे क्षणाक्षणाला वाहणारी धार बारीक केली. महिन्याच्या साठ्याला कोणी हात लावला नाही, कारण दुखणे तेथे नव्हतेच.

मर्यादेविषयी एक प्रश्न मात्र अवश्य विचारावा: ती संपल्यावर पुढे काय? २०१६ साली दूरसंचार नियामकाने घरगुती जोडणीची गती ५१२ किलोबिटांखाली नेऊ नये असा दंडक घातला. तेवढ्या गतीत मुलांचा ऑनलाइन वर्ग चालणे अशक्यप्राय आहे. २ मेगाबिटांत तो कसाबसा, आणि ४ मेगाबिटांत समाधानकारक चालतो. याचे महत्त्व तारेविना, हवेतून येणाऱ्या 'एअरफायबर'सारख्या सेवेत अधिक आहे, कारण तेथे सीमा बहुधा १,००० गिगाबाइटांची असते. ही तोकडी सीमा मी समजू शकतो. टॉवरच्या एका दिशेतील लहरी मोबाइलधारक आणि घरे यांना मिळून वापराव्या लागतात, आणि लहरी हव्या तेवढ्या विकत आणता येत नाहीत. पाटणच्या डोंगरातील ज्या वाडीत तंतू ओढणे परवडत नाही, तेथे हीच सेवा घ्यावी. मलकापुरात दारापर्यंत फायबर आली असताना ती घेण्याचे प्रयोजन मला दिसत नाही.

किमतीची तुलना त्यामानाने सोपी आहे. फक्त जाहिरातीतील रकमेत १८ टक्के कर मिळवावा (३९९चे ४७१ आणि ४४९चे ५३० रुपये होतात), जोडणीचा आकार व डब्याची अनामत किंवा भाडे विचारावे, आणि सहा महिन्यांची आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी एक महिना वापरून पाहावा. नको असलेल्या चित्रवाहिन्यांची पुरवणी जोडून वाढवलेला दर स्वस्त समजू नये.

गतीच्या आकड्याशी मात्र अधिक झगडावे लागते. दरपत्रकात बिट असतात आणि संगणक उतरवलेली फाइल बाइटांत दाखवतो. आठाने भागल्याशिवाय दोहोंचा मेळ बसत नाही, आणि शंभरच्या योजनेत 'बाराच येतात' अशी तक्रार करणारा गृहस्थ वास्तविक पुरे माप घेत असतो. स्लॅबच्या दोन मजली घरात खालच्या खोलीतला वायफाय वरच्या खोलीत दुबळा होतो. तो दोष तारेचा नव्हे. म्हणून मोजणी नेहमी केबल लावून करावी. शिवाय चाचणीचे केंद्र पुष्कळदा कंपनीच्या स्वतःच्याच जाळ्यात असते, आणि तेथपर्यंतचा रस्ता मोकळा असल्याने आकडा सुंदर दिसतो; गर्दीची वाट त्याच्या पलीकडे असते. महामार्गाच्या सहापदरीकरणाने या पट्ट्यात जी खोदाई झाली, तिच्यात तुटलेले तंतू सांधताना मी कित्येक रात्री काढल्या आहेत, आणि तेव्हापासून तार तुटल्यावर किती तासांत जोडली जाते, याची नोंदही गतीच्या शेजारी मांडावी असे माझे मत झाले आहे.

यासाठी मोठी तजवीज लागत नाही. ज्या गावाने पाण्याचे माप उंबरठ्यावर आणले, त्याने प्रत्येक प्रभागात एक शाळा किंवा वाचनालय निवडून तेथील जोडणीला केबलने एक लहान संगणक कायमचा लावावा. सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री नऊ या वेळांना, कंपनीच्या जाळ्याबाहेरील मुंबईच्या केंद्रापर्यंतची उतरती गती, चढती गती आणि विलंब त्याने टिपावा. काचेच्या तंतूतून मुंबईला जाऊन परत येण्यास प्रकाशाला तीन-चार सहस्रांश सेकंदच लागतात, तेव्हा पन्नास दिसले की कोठेतरी वाट तुंबली आहे हे शाळकरी मुलासही कळेल. फलकावर सरासरी लावू नये, कारण सरासरीत रात्रीचे नऊ बुडून जातात. त्या वेळेचा महिन्यातला नीचांक लावावा, आणि त्याच ओळीत करासहित दर व मर्यादेनंतरची गती द्यावी. १०० मेगाबिटांच्या जोडणीवर दहा सेकंदांच्या चाचणीला १२५ मेगाबाइट लागतात. दिवसातून तीन वेळा धरून महिन्याला सव्वाअकरा गिगाबाइट होतात, आणि ३,३०० गिगाबाइटांच्या मर्यादेत त्यांचा भार नगण्य आहे. संगणक बसवून देण्याचे आणि पहिल्या वर्षाच्या नोंदी तपासून देण्याचे काम मी विनामोबदला करीन. वाचनालयाने फक्त वीज आणि दर्शनी भिंतीवर फलकापुरती जागा द्यावी.