पाणी मुरते आहे

प्रत्येक घराला कसला ना कसला नाद असावा, असे माझे मत आहे. नाद नसलेले घर नीटनेटके असते, पण तिथे पाहुण्याला बोलायला विषय सापडत नाही. माझ्या माहेरी वडिलांना गुलाबांचा नाद होता. सासरी मामंजींना रेडिओ उघडून पुन्हा जोडण्याचा नाद होता, आणि प्रत्येक वेळी जोडून झाल्यावर दोनचार स्क्रू शिल्लक उरत. हे नाद हलकेफुलके होते. आमच्या घरात शेवटी आला तो नाद मात्र वजनाने पाऊण टनाच्या घरात होता.

गेल्या माघात चिरंजीवांनी जाहीर केले, की घरात समुद्र आणायचा. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी काचेची पेटी, आणि तिच्यात खाऱ्या पाण्याची प्रवाळभित्ती. त्या दिवसांत स्वारी घरीच होती. दोन वर्षे इंजिनियरिंग करून त्याने ते सोडले होते, आणि 'पुढे काय?' या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नव्हते. बापलेकांचे संभाषण 'जेवायला चला' आणि 'दार लावून घे' एवढ्यावर आले होते. हे वर्तमानपत्राआडून म्हणाले, "एक धड पुरे झालं नाही, तेवढ्यात दुसरं!"

प्रश्न सोडवला तो सासूबाईंनी. त्यांनी कपाटातून मुदतठेवीची पावती काढली. "माझ्या तेराव्यासाठी ठेवलेत हे पैसे," त्या म्हणाल्या. "तेव्हा लोक जेवतील ते मी थोडीच बघणार आहे? त्यापेक्षा मासे बघीन." सासूबाई मालवणच्या. या युक्तिवादापुढे कोण बोलणार?

आमचे घर तळमजल्यावर आहे, म्हणून पेटीला जागा मिळाली. वरच्या मजल्यावर असतो, तर आधी इंजिनियरला विचारावे लागले असते. मला वाटले, आता नळाचे पाणी भरायचे आणि मीठ घालायचे. पण स्वयंपाकघरातले मीठ म्हणजे समुद्र नव्हे. मिठागरात पाणी आटताना मिठाचे खडे खाली बसतात आणि मॅग्नेशियमसारखी द्रव्ये उरलेल्या कडवट पाण्यात राहून जातात. समुद्रातल्या जिवांना तीही लागतात. म्हणून खास तयार केलेले क्षार आणायचे, आणि ते गाळून शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरला 35 ग्रॅमच्या हिशेबाने विरघळवायचे. आमच्या पेटीला 17-18 किलो लागले. गाळणयंत्र जेवढे पाणी देई त्याहून अधिक टाकून देई. ते मी बादल्यांत साठवून फरशी पुसायला वापरले. त्या महिन्यात आमच्या घराइतकी लखलखीत फरशी साऱ्या ठाण्यात नसेल!

"आणि पोवळी कुठून आणणार?" मी विचारले.

"आणायची नाहीत. 2001 पासून ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाच्या पंगतीला."

म्हणजे आमची भित्ती बनवलेल्या, सच्छिद्र दगडांचीच असणार होती. पण खऱ्या प्रवाळाची माहिती त्याने मला सांगितली, आणि मराठी शिकवणाऱ्या माझ्या मनाला गंमत वाटली. संस्कृतात पोवळ्याला विद्रुम म्हणतात, आणि द्रुम म्हणजे झाड. प्रत्यक्षात प्रवाळ हा प्राणी. मात्र भित्ती उभारणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शैवाल बिऱ्हाड करून असते. ते उजेडावर अन्न शिजवते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. तेव्हा पूर्वजही अगदीच चुकले नव्हते! पाणी फार तापले, की हे बिऱ्हाड उठते आणि प्रवाळ पांढरे पडते. मालवणला सिंधुदुर्गाभोवतीच्या पाण्यातही प्रवाळ आहे आणि 1987 मध्ये तिथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. 2020 मध्ये तर मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी-हाजीअलीच्या खडकांवरल्या 18 प्रवाळवसाहती उचलून दुसरीकडे बसवल्या गेल्या. सासूबाई ऐकत होत्या. "लहानपण गेलं त्या किल्ल्याकडे बघण्यात," त्या म्हणाल्या, "आणि त्याच्या पायाशी बाग आहे, हे मला आज कळतंय!"

पेटी भरली. दिवे लागले. पंप गुणगुणू लागले. आणि मग काहीच घडेना.

अडतीस दिवस आमच्या दिवाणखान्यात नुसते पाणी आणि दगड होते. मुलाने त्यात काय सोडले असेल, तर कोळंबीचा एक तुकडा, तोही सडण्यासाठी! मालवणी जिवाला हे पाहवले नाही. पण त्याचे शास्त्र असे: सडण्यातून अमोनिया होतो, आणि तो माशांना विष. एका जातीचे जिवाणू त्या अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषच. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि ते बरेच निरुपद्रवी. हे जिवाणू दगडांच्या छिद्रांत आपली वस्ती करतात, आणि त्याला चार-सहा आठवडे लागतात. घाईने मासे सोडले, तर ते मरायचेच. मुलगा रोज नळीत पाणी घेऊन रंग तपासायचा आणि वहीत आकडा टिपायचा. येणारेजाणारे विचारत, "मासे कुठे आहेत?" आणि तो आत गेला, की आवाज खाली आणून, "मग हा सध्या काय करतो?"

पहिल्या प्रश्नाला सासूबाईंनी उत्तर शोधले होते. "लोणच्यासारखं आहे ते," त्या सांगत. "पाणी मुरतंय अजून."

एकोणचाळिसाव्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. मग विदूषक माशांची जोडी आली. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले हे मासे समुद्रातून न पकडता पैदाशीचे आणता येतात. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही त्यांची पैदास साधली आहे. यांच्यात सगळे नर म्हणूनच जन्मतात. जो सर्वांत वरचढ ठरतो तो मादी होतो, आणि घर तिच्या आज्ञेत चालते. ही माहिती कळल्यापासून सासूबाईंचा त्या माशांविषयीचा आदर दुणावला आहे.

मीही हळूहळू शिकले. पेटीतून रोज उडून जाते ते नुसते पाणी. मीठ मागेच राहते. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. मागे एक उभी नळी आहे, तिच्यात बारीक बुडबुडे उठतात, पाण्यातली घाण त्यांना चिकटून फेसाबरोबर वर येते आणि वाटीत साचते. गुऱ्हाळात काहिलीवरची मळी काढतात ना, अगदी तसे.

मग जूनमधली ती रात्र आली. पहिल्या वादळी पावसात वीज गेली ती सात तास आली नाही. पंप थांबले. पाणी हलले नाही, तर त्यात प्राणवायू मिसळत नाही. बॅटरीवरची छोटी हवायंत्रणा दोन तासांत दमली. मुलाने मग घेतला आणि पेटीतले पाणी उचलून उंचावरून पुन्हा पेटीत ओतू लागला. एकसारखे, न बोलता. एकाला मी उठून पाहिले, दोनला पाहिले. तिनाला पाहिले, तेव्हा हे पायजम्याच्या बाह्या गुडघ्यापर्यंत सरसावून पेटीपाशी उभे होते.

"हात दुखले असतील. दे इकडे," हे म्हणाले.

"हळू ओता, बाबा. वाळू उठते."

"असं?"

"थोडं उंचावरून. हां."

कित्येक महिन्यांत त्या दोघांत झालेले हे सर्वांत मोठे संभाषण. मी दाराआडून परत फिरले. पहाटे वीज आली, तेव्हा दोघेही जमिनीवर भिंतीला टेकून झोपले होते, मग ह्यांच्या हातात होता, आणि मासे दगडाआडून बाहेर येत होते.

पुढे काय, हे मुलाने अजून ठरवलेले नाही. रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयाचे माहितीपत्रक टेबलावर दिसते, मधूनच नाहीसे होते आणि पुन्हा दिसते. मी त्याविषयी विचारत नाही.

मराठीत 'पाणी मुरणे' हा वाक्प्रचार संशयाचा आहे. कुठेतरी पाणी मुरतेय म्हणजे काही लपवाछपवी चालू आहे. वर्गात मी तो तसाच शिकवते. पण परवा फराळाला आलेल्या आमच्या एका नातलगांनी चकली मोडता मोडता विचारले, "मग, चिरंजीवांचं पुढे काय?" मी उत्तराची जुळवाजुळव करीत होते, तेवढ्यात ह्यांनीच चहाचा कप खाली ठेवला.

"पाणी मुरतंय अजून," हे म्हणाले, आणि त्यांच्यापुढे लाडवांचे ताट सरकवले.