मागे सरणारी गिटार

वाशीम जिल्ह्यातील कारंजा तालुक्यात, कपाशी-तुरीच्या काळ्या रानांनी वेढलेल्या धनजेस बसून लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या जाझच्या एका तबकडीविषयी लिहावेसे वाटते, ह्याचे कारण तिचा कर्ता आपल्याच मुलखातला, आणि तरीही आपल्या संगीतचर्चेत जवळजवळ बेदखल राहिलेला आहे.

हे गिटारवादक अमान्सियो डिसिल्व्हा १९३६ साली मुंबईत, गोमंतकीय ख्रिस्ती घराण्यात जन्मले. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात ते विलायतेस गेले आणि १९६९ साली कोलंबिया ह्या ध्वनिमुद्रण कंपनीने त्यांची ही तबकडी, 'इंटिग्रेशन', प्रसिद्ध केली. साथीला इयान कार यांचे ट्रम्पेट, डॉन रेंडेल यांचा सॅक्सोफोन, डेव्ह ग्रीन यांचा बास आणि ट्रेव्हर टॉमकिन्स यांचे ड्रम. म्हणजे रेंडेल-कार यांच्या नामांकित पंचकातले चौघे, आणि त्या पंचकातील पियानोच्या जागी गिटार! पियानो दहा बोटांनी जो सुरांचा भरगच्च पट विणतो, तो सहा तारांच्या वाद्याला तितक्या विस्ताराने विणता येत नाही. परंतु डिसिल्व्हांनी ही उणीव भरून काढण्याचा अट्टहास न करता त्या रिकाम्या अवकाशालाच रचनेचे अंग केले, हे मला त्या तबकडीचे सर्वांत मोठे वैभव वाटते.

त्याच सुमारास विलायतेत सॅक्सोफोनवादक जो हॅरियट आणि कलकत्त्याचे जॉन मेयर हे सतार-तबला आणि जाझ एकत्र बसवून प्रयोग करीत होते. त्यांचे मोल मी मुळीच कमी लेखीत नाही. परंतु 'इंटिग्रेशन'मध्ये सतार नाही, तबला नाही, आणि तरीही 'गंगा', 'जयपूर', 'महाराणी' ह्या शीर्षकांच्या रचना ऐकताना, एखादा स्वर तारेवर किंचित ताणून पुढच्या स्वराच्या कुशीत सोडण्याची ती रीत कानी पडली की, मिंडेचा संस्कार ज्याच्या कानांवर लहानपणीच झाला आहे असाच हात हा, अशी खात्री पटते. शिवाय हा नायक सदासर्वदा पुढे उभा राहत नाही. भजनात म्हणणारा बुवा चरण सोडून देतो आणि टाळकरी तो झेलून उचलतात, त्याप्रमाणे चाल मांडून गिटार मागे सरते, रेंडेलचा सॅक्सोफोन ती उचलतो, आणि गिटार मोजक्या सुरांनी त्याला आधार देत राहते. स्वतःच्या नावाच्या पहिल्याच तबकडीत इतरांना इतकी मोकळीक देणे ह्यास मी औदार्य म्हणेन, आणि त्याहूनही अधिक आत्मविश्वास.

पुढे सत्तरीच्या दशकाच्या आरंभी त्यांनी आणखी एक तबकडी ध्वनिमुद्रित केली. तिचे नाव 'कोकण डान्स'. डिसिल्व्हा १९९६ साली निवर्तले. ती तबकडी मात्र लोकांसमोर आली त्यानंतर, २००६ साली. पूर्वजांच्या किनाऱ्याचे नाव धारण करणारी ती तबकडी त्यांच्या हयातीत रसिकांच्या हाती पडू नये, ह्याची हळहळ मला वाटते. आणि मराठीत वाद्यसंगीताचा इतिहास जो कोणी लिहील, त्याच्या दप्तरी ह्या गोमंतकीय वादकाच्या नावाची नोंद झालीच पाहिजे, असा माझा आग्रह आहे.