मागचे वजन

निपाणीहून भाचा आला तेव्हा मामांनी त्याला आधी ट्रॅक्टर दाखवला आणि मग चहाचे विचारले. ट्रॅक्टर जुनाच, पस्तीस हॉर्सपॉवरचा. पण त्याच्या पुढे नवाकोरा लोडर बसला होता. बॉनेटच्या दोन्ही अंगांनी गेलेले दोन लोखंडी हात आणि त्यांच्या टोकाला रुंद बकेट. मामांनी लिव्हर ओढली की बकेट डुलत वर जाई.

“चार माणसांचं काम एकटा करतो बघ!” मामा म्हणाले.

“आणि पाचव्याचा पगार हप्त्यात जातो, तेही सांगा,” मामी ओट्यावरून म्हणाल्या.

ही 2019 च्या पावसाळ्यातली गोष्ट. नोकरीसाठी बंगळूरला आलेले मामा निवृत्तीनंतर हेब्बाळलाच राहिले होते. तलावाच्या दिशेने उतरत जाणाऱ्या जागेवर त्यांनी रोपवाटिका काढली होती आणि वरच्या अंगाला सहा म्हशींचा गोठा. आज हेब्बाळ म्हटले की लोकांना विमानतळाच्या रस्त्यावरचा उड्डाणपूल आणि तिथे खोळंबलेल्या गाड्याच आठवतात. पण शेतीशी या गावाचे नाते फार जुने. म्हैसूर राज्याचा कारभार पाहणाऱ्या महाराणी वाणीविलास यांनी 1899 मध्ये शेतीच्या प्रयोगांसाठी इथे 30 एकर जमीन दिली. पुढे कृषी शाळा निघाली, 1946 मध्ये कृषी महाविद्यालय आले, 1964 मध्ये कृषी विद्यापीठ झाले. मामांना या साऱ्याचा कोण अभिमान! विद्यापीठाचा कृषिमेळा ते सहसा चुकवत नसत. पिशवीभर माहितीपत्रके घेऊन घरी येत. लोडरचा नाद तिथूनच लागलेला.

भाचा बावीस वर्षांचा. हंगामात तो साखर कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवायचा. मागे दोन ट्रॉल्या, चढावर इंजिन रडायला लागले की ट्रॅक्टरची पुढची चाके रस्त्यावरून उचलायची. ते त्याच्या अंगवळणी पडले होते. मामांच्या ट्रॅक्टरवर बसल्यावर मात्र त्याला काहीतरी निराळेच जाणवले. बकेट भरली की स्टिअरिंग दगडासारखे जड व्हायचे आणि पाठीमागे कुणी नसल्यासारखे वाटायचे. ओल्या गवतावर मागचे चाक एका जागी फिरायचे.

“मामा, मागून हलका वाटतोय,” तो पहिल्याच संध्याकाळी म्हणाला.

“मागं काही जोडलेलंच नाही, मग हलका वाटणारच की!” मामा हसले. विषय तिथेच संपला. थोरल्यांपुढे एकच गोष्ट दोनदा बोलायची भाच्याला सवय नव्हती.

तिसऱ्या दिवशी रात्रभर पाऊस पडून गेला होता. शेणखत भिजून लगद्यासारखे झालेले. भाच्याने बकेट काठोकाठ भरली, गव्हाणीवरून काढायची म्हणून उंच उचलली आणि तशीच उंच ठेवून तो उताराला लागला. खाली हौदापाशी मामांची सहा वर्षांची नात कागदाच्या होड्या सोडत बसली होती. भाच्याने ब्रेक दाबला. मागची चाके थांबली, पण ट्रॅक्टर थांबला नाही. चिखलावरून तसाच घसरत निघाला. पाण्याच्या पाटात पुढचे चाक आदळले आणि सीट खालून कुणी उचलावी तशी वर आली. मागची दोन्ही चाके जमिनीपासून वीतभर सुटली होती. त्याने लिव्हर पुढे लोटली. बकेट धाडकन जमिनीवर बसली आणि मागची चाके परत खाली आपटली.

बकेटच्या दातांपासून हौद दोन हातांवर होता. नात उठून उभी राहिली होती. होडी तिच्या हातातच होती.

रात्री जेवताना मामा एवढेच म्हणाले, “ब्रेक उशिरा मारलास.” भाचा ताटाकडे बघत राहिला. मामींनी दोघांकडे पाहिले. नातीला वाढून झाल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “त्यानं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं ना हो, मागून हलका वाटतोय म्हणून?”

सकाळी मामा स्वतःच बळ्ळारी रस्त्यावरच्या वेल्डिंगवाल्या मिस्त्रीला घेऊन आले. मिस्त्री कानडी, हिंदी तोडकेमोडके, पण हात बोलका. त्याने ट्रॅक्टरच्या मागे जाऊन पाहिले आणि कपाळावर हात मारला. “अण्णा, पीछे कुछ नहीं?”

“दोन टनांच्या ट्रॅक्टरला आणखी वजन कशाला? डिझेल जाळायला?” मामांनी विचारले.

मिस्त्रीने फरशीवर खडूने एक आडवी रेघ ओढली. जत्रेतली झोपाळ्याची फळी असते ना, तशी. तिचा टेकू म्हणजे पुढचे चाक. एका टोकाला बकेट, दुसऱ्या टोकाला मागची चाके. भिजलेल्या खतासकट बकेट 600 किलोची आणि ती पुढच्या चाकांच्या दीड मीटर पुढे. दोन चाकांमधले अंतर दोन मीटर. म्हणजे ही बकेट मागच्या चाकांवरचा 450 किलो भार काढून घेते. तो भार कुठे जातो? पुढच्या चाकांवर. स्वतःचे 600 आणि हे 450, असे एक हजार पन्नास किलो त्या बारीक पुढच्या ॲक्सलवर. वर लोडरचे स्वतःचे वजन आहेच. आणि ट्रॅक्टरला ब्रेक असतात ते मागच्या चाकांना. मागे भारच उरला नाही तर ब्रेक दाबून चाक थांबेल, ट्रॅक्टर कसा थांबणार?

दारात उभ्या मामी मध्येच म्हणाल्या, “आमचे बाबा बैलगाडी भरताना हेच करायचे. बैलांच्या मानेवर भार आला की दोन पोती मागं सरकवायची. फार मागं गेली तर गाडी उलाळ व्हायची, बैलांचे गळे आवळायचे.” मिस्त्रीला शब्द कळले नाहीत, पण मामींनी हाताने जी फळी करून दाखवली ती कळली. त्याने जोरात मान डोलावली.

मामांचा पुढचा प्रश्न हिशेबी होता. चाकांत पाणी भरले तर फुकटात काम होईल ना? होईल, पण अर्धे. मागच्या टायरमध्ये व्हॉल्व्ह वर ठेवून तिथपर्यंत पाणी भरले की टायर सुमारे पाऊण भरतो. त्या मापाच्या टायरात साधारण 200 लिटर, म्हणजे दोन्हींत मिळून 400 किलो. (थंड देशांत हे पाणी गोठते म्हणून त्यात क्षार घालावा लागतो आणि मग रिम गंजतात. हेब्बाळला ती कटकट नाही.) पण चाकातले 400 किलो ते 400 च राहतात आणि पुढच्या ॲक्सलला काहीच आराम नाही. तेच 400 किलो मागच्या चाकांच्या एक मीटर मागे टांगले तर मागे 600 किलोंचा भार पडतो आणि पुढचे 200 किलो हलके होतात.

टांगायचे कुठे, हा प्रश्नच नव्हता. नांगर जोडायचे तीन हात मागे रिकामेच होते. या तीन हातांची कथा मोठी गमतीची. पूर्वी नांगर साखळीने ओढत, तो खडकात अडकला की ट्रॅक्टर पुढून उभा राहून चालकाच्या अंगावर उलटे. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने नांगर तीन ठिकाणी जोडून हे संकट बरेच आवरले. फोर्डबरोबर काढलेला त्याचा ट्रॅक्टर 1939 मध्ये बाजारात आला आणि आज जगभर ट्रॅक्टरच्या मागे तेच हात दिसतात. ट्रॅक्टर पुढून उचलू नये म्हणून झालेली सोय आता मागून उचलू नये म्हणून कामी येणार होती.

मिस्त्रीने 200 लिटरचे रिकामे पिंप वरून थोडे कापले, आरपार जाड दांडा घातला, वरच्या हातासाठी लोखंडी पट्ट्या उभ्या जोडल्या आणि आत काँक्रीट ओतले. काँक्रीट घनमीटरला सुमारे 2400 किलो भरते. 170 लिटरमध्ये 400 किलोंचे काम झाले. पुढचे तीन आठवडे मामी तुळशीला पाणी घालून उरलेला तांब्या पिंपावर ओतत होत्या. भाचा तोवर फावड्याने खत वाहत होता. मामांनी त्याला ट्रॅक्टरवर बसू दिले नाही. आणि स्वतःही बसले नाहीत.

पिंप जोडले त्या दिवशी मामींनी नातीला घरात घेऊन कडी लावली. मामा स्वतः सीटवर चढले. बकेट भरली, पण काठोकाठ नाही, आणि जमिनीपासून हातभर उंचीवरच ठेवली. उताराच्या मध्यावर त्यांनी ब्रेक दाबला. ट्रॅक्टर जागच्या जागी उभा राहिला. मामांनी पुन्हा चार पावले जाऊन पुन्हा दाबला. मग उतरले आणि चिखलातल्या मागच्या टायरच्या खुणा वाकून बघत बसले. खुणा खोल उमटल्या होत्या.

“घे,” त्यांनी किल्ली भाच्याच्या हातात दिली. “आणि हलका वाटला तर सांग. मी हसलो तरी सांग.”

दिवाळीनंतर भाचा निपाणीला परतला. उसाचा हंगाम सुरू झाला होता. पंधरा दिवसांनी मामांचा फोन आला. म्हशी, पाऊस, नातीची शाळा असे सगळे बोलून झाल्यावर मामांनी विचारले, “तुझ्या मालकाच्या ट्रॅक्टरला पुढं वजनं लावलीत का रे? बंपरवर?”

“नाही, मामा.”

“चढावर पुढची चाकं उचलतात म्हणालास ना?”

“उचलतात.”

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग मामा म्हणाले, “मालकाचा नंबर दे. तुला बोलवत नसेल तर मी बोलतो.”