पडद्यावरचा नाताळ: काही टिपणं

डिसेंबर आला की ओटीटीच्या पहिल्या पानावर लाल-हिरव्या पोस्टरांची रांग लागते. बर्फाळ गाव, शहरातून परतलेली मुलगी, तिचा शाळेतला मित्र आणि बंद पडायला आलेली बेकरी. हे चित्रपट खास सणासाठी बनवलेले असतात आणि पुढच्या सणापर्यंत त्यांची नावंही आठवत नाहीत. याउलट लोक दरवर्षी घरात एकत्र बसून जे चित्रपट पाहतात, त्यांतल्या बऱ्याच चित्रपटांची सुरुवात भलतीच आहे. एखादा पडलेला होता, एखादा ऐन उन्हाळ्यात आलेला, एखाद्याचे हक्क सांभाळायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

*

'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६). फिलिप व्हॅन डोरेन स्टर्न या अमेरिकन लेखकाची एक छोटी कथा कुणी छापायला तयार नव्हतं. १९४३ च्या नाताळात त्याने तिची स्वखर्चाने पुस्तिका काढली आणि सुमारे २०० प्रती शुभेच्छापत्र म्हणून ओळखीच्यांना धाडल्या. तीच कथा फिरत फिरत दिग्दर्शक फ्रँक काप्रापर्यंत पोहोचली. नायक जेम्स स्ट्यूअर्ट. महायुद्धात बाँबफेकी विमानं चालवून परतल्यावरचा हा त्याचा पहिला चित्रपट. ऑस्करची पाच नामांकनं मिळाली, पण गल्ला यथातथाच. काप्राने मोठ्या हौसेने काढलेली 'लिबर्टी फिल्म्स' ही कंपनी लवकरच पॅरामाउंटला विकावी लागली.

मग झाली गंमत. त्या वेळच्या अमेरिकन कायद्यानुसार २८ वर्षांनी हक्कांचं नूतनीकरण करावं लागे. १९७४ साली ते राहून गेलं. डिसेंबरात वेळ कसा भरून काढायचा या विवंचनेत असलेल्या गावोगावच्या टीव्ही केंद्रांना दोन तासांचा चित्रपट जवळपास फुकट मिळाला. त्यांनी तो लावला, पुन्हा लावला, लावतच राहिले. तो पाहत पाहत एक पिढी मोठी झाली. १९९३ मध्ये मूळ कथेच्या आणि संगीताच्या हक्कांवर बोट ठेवून मालकांनी चित्रपट परत ताब्यात घेतला, पण तोवर तो घराघरांतला झाला होता. समीक्षकांनी किंवा जाहिरातींनी जे साधलं नाही, ते एका राहून गेलेल्या अर्जाने साधलं.

*

याच चित्रपटातला एक प्रसंग आपल्याकडच्या माणसाला वेगळं काही न सांगता कळतो. जॉर्ज बेली गावातली एक छोटी गृहकर्ज संस्था चालवतो. आपल्या भाषेत पतपेढीच. लग्न लावून मधुचंद्राला निघालेला असताना त्याला दिसतं की संस्थेच्या दाराशी ठेवीदारांची झुंबड उडाली आहे. 'आमचे पैसे द्या.' जॉर्ज सांगत राहतो की पैसे इथल्या तिजोरीत नाहीत, तुझे पैसे याच्या घराच्या भिंतींत आहेत, याचे त्याच्या. शेवटी मधुचंद्रासाठी ठेवलेले दोन हजार डॉलर तो काउंटरवर मोकळे करतो. ज्याला जेवढ्यावर भागेल त्याने तेवढेच न्यावेत. दिवसअखेर दोन डॉलर उरतात आणि संस्था तगते.

सहकारी बँकांबाहेरच्या रांगा आणि खात्यांवरचे निर्बंध आपल्या लोकांनी पाहिले आहेत. जॉर्ज बेली मात्र क्वचितच पाहायला मिळाला.

*

एफबीआयच्या १९४७ सालच्या एका टिपणात या चित्रपटाविषयी शंका नोंदवलेली आहे. श्रीमंत बँकवाल्याला खलनायक दाखवणं हा कम्युनिस्टांचा कावा असू शकतो, अशी. त्या बँकवाल्याला चित्रपटात शिक्षा होतच नाही. जॉर्जच्या संस्थेचे दडपलेले आठ हजार डॉलर त्याच्याच खिशात राहतात. इतक्या गोड म्हणून नावाजलेल्या चित्रपटात ही एक कडू गोष्ट तशीच ठेवलेली आहे आणि मला तीच त्याची ताकद वाटते.

*

तो बँकवाला म्हणजे लायनेल बॅरीमोर. १९३४ पासून जवळपास दर नाताळात हाच माणूस अमेरिकन रेडिओवर डिकन्सचा कंजूष स्क्रूज व्हायचा. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून ठरल्या वेळी ठरलेली गोष्ट ऐकायची, ही सवय टीव्हीच्या आधीची आहे. टीव्हीने तिला फक्त चित्र जोडलं.

*

डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरल' १९ डिसेंबर १८४३ ला प्रसिद्ध झालं आणि पहिल्या आवृत्तीच्या सहा हजार प्रती नाताळच्या आधीच संपल्या. पडद्यावर ते १९०१ पासून आहे. रॉबर्ट पॉलच्या मूकपटाचा काही भाग आजही शिल्लक आहे. स्क्रूज म्हणून जाणकार १९५१ च्या अ‍ॅलिस्टर सिमचं नाव घेतात. आमच्याकडे मुलांनी मत दिलं ते १९९२ च्या 'मपेट ख्रिसमस कॅरल'ला. आजूबाजूला कापडी बेडूक आणि उंदीर, मधोमध स्क्रूज झालेला मायकेल केन, आणि तो एकदाही डोळा मिचकावत नाही. शेक्सपिअर करत असल्यासारखा गंभीर. बाहुल्यांना त्याने खरं मानलं म्हणून आपणही मानतो.

*

बर्फ. नाताळच्या चित्रपटात बर्फ पाहिजेच, आणि चित्रीकरण बहुधा कॅलिफोर्नियात. जुन्या काळी कॉर्नफ्लेक्सना पांढरा रंग देऊन ते उधळत. पायाखाली ते इतके कुरकुरत की संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागत. काही चित्रपटांत चक्क अ‍ॅस्बेस्टॉस वापरलं गेलं, 'विझार्ड ऑफ ऑझ'मधल्या बर्फासकट. काप्राच्या चित्रपटासाठी आग विझवायचा फेस, साबण आणि पाणी यांचं मिश्रण करून ते पंख्यांपुढे सोडलं. आवाज नाही, कुरकुर नाही. या शोधाला ऑस्करवाल्यांनी तांत्रिक पुरस्कार दिला. चित्रीकरण १९४६ च्या उन्हाळ्यातलं. पुलावरच्या प्रसंगात स्ट्यूअर्टचा चेहरा ओला दिसतो, त्यात घामाचाही वाटा आहे.

*

सासूबाईंना 'होम अलोन' (१९९०) पहिल्यांदा दाखवला तेव्हा चोर येईपर्यंत त्या गप्प बसल्या नाहीत. "एवढी माणसं घरातून निघाली आणि कुणी डोकी मोजली नाहीत?" नातू म्हणाला, "आजी, मोजली ना! शेजारचा मुलगा गाडीपाशी येऊन बॅगांत डोकावत होता, त्यालाच मोजलं." त्यांनी तो भाग पुन्हा लावायला सांगितला, नीट पाहिला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. लग्नाच्या वऱ्हाडात असंच होतं."

तेव्हापासून दर डिसेंबरला त्या तो प्रसंग आल्यावर हातातलं काम ठेवतात. चोरांच्या डोक्यावर इस्त्री पडते, दाराची मूठ लाल होते, पोरं लोळत हसतात. त्यांना त्यात रस नाही. त्यांचा चित्रपट वेगळा आहे. पोराला विसरलेली आई विमान मिळेना म्हणून पोल्का वाजवणाऱ्या बँडवाल्यांच्या भाड्याच्या गाडीत बसून रातोरात घरी निघते, तो.

एकाच सोफ्यावर चार माणसं चार चित्रपट पाहत असतात. घरी एकत्र पाहण्याची मजा यातच आहे.

*

'होम अलोन'मध्येही एक कुटुंब टीव्हीवर नाताळचा चित्रपट पाहतं. पॅरिसमध्ये अडकलेल्या मॅकॅलिस्टर मंडळींसमोर 'इट्स अ वंडरफुल लाइफ' चालू आहे, फ्रेंचमध्ये. कुणाला ओ की ठो कळत नाही. तरी लावलेला आहे.

*

देशोदेशीचे हट्ट:

पोलंडमध्ये नाताळ म्हणजे 'होम अलोन'मधला घरी राहून गेलेला केव्हिन. २०१० साली तिथल्या वाहिनीने तो चित्रपट दाखवायचा नाही असं ठरवलं, तर प्रेक्षकांनी एवढा गिल्ला केला की तो परत लावावा लागला.

स्वीडनमध्ये २४ डिसेंबरला दुपारी ३ वाजता डोनाल्ड डक. डिस्नीच्या जुन्या तुकड्यांचा एक कार्यक्रम, १९६० च्या आसपास सुरू झालेला. एका वर्षी त्यातला फर्डिनांड नावाचा बैल काढून दुसरी गोष्ट घातली. लोक भडकले. बैल परत आला.

नॉर्वेत त्याच दिवशी सकाळी 'थ्री विशेस फॉर सिंड्रेला', १९७३ ची चेक आणि पूर्व जर्मन निर्मिती. बर्फ कमी पडला तेव्हा माशांची भुकटी पसरली होती. तिचा वास कलाकार जन्मभर विसरले नाहीत. नॉर्वेतल्या प्रतीत राजपुत्र, सावत्र आई, सिंड्रेला अशा सगळ्यांचे संवाद एकच पुरुष बोलतो, क्नुत रिसान. ही त्या वेळची काटकसर. आज कुणी वेगवेगळे आवाज घालू म्हटलं तर तिथली माणसं ऐकून घेणार नाहीत.

इटलीत एडी मर्फीचा 'ट्रेडिंग प्लेसेस'. शेअर बाजार, पैज, फसवाफसवी. सणाशी संबंध एवढाच की गोष्ट डिसेंबरात घडते आणि त्यात एक दारू प्यायलेला सांताक्लॉज आहे.

*

उन्हाळी नाताळ: 'मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट' १९४७ च्या मे-जूनमध्ये लागला, कारण स्टुडिओच्या मते उन्हाळ्यात लोक जास्त चित्रपट पाहतात. जाहिरातीत सांताक्लॉजचा विषय जवळजवळ लपवला होता. त्यात सांता झालेल्या एडमंड ग्वेनला ऑस्कर मिळालं. चित्रपटातली न्यूयॉर्कची मिरवणूक खरी आहे. १९४६ च्या मेसीज परेडमध्ये ग्वेनच सांता म्हणून रथावर बसला होता आणि कॅमेरे चालू होते. 'डाय हार्ड' आला १९८८ च्या जुलैत. तो नाताळचा चित्रपट आहे की नाही यावर दर डिसेंबरला वाद होतो. आमच्या घरी तो मुलं झोपल्यावर लागतो, म्हणजे निकाल लागलेला आहे.

*

अमेरिकन नाताळ पडद्यावर कुणी मांडला? काप्रा लहानपणी सिसिलीहून आलेला. 'व्हाइट ख्रिसमस' हे गाणं लिहिणारा अर्व्हिंग बर्लिन रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातला. त्याच नावाच्या १९५४ च्या चित्रपटाचा दिग्दर्शक मायकेल कर्टिझ हंगेरियन ज्यू. 'द शॉप अराउंड द कॉर्नर' (१९४०) करणारा अर्न्स्ट लुबिच बर्लिनचा ज्यू. खिडकीबाहेर उभं राहून ज्यांनी दुसऱ्याच्या घरातली रोषणाई पाहिली, त्यांना ती जास्त बारकाईने दिसली असावी. म्हणून या चित्रपटांत देवळापेक्षा घर मोठं आहे आणि म्हणूनच नाताळ ज्यांचा नाही त्यांनाही तिथे बसायला जागा मिळते.

*

लुबिचच्या त्या चित्रपटात बुडापेस्टमधल्या एका दुकानाचा म्हातारा मालक नाताळच्या आदल्या संध्याकाळी दाराशी उभा आहे. बायको दुरावलेली, घरी कुणी नाही. एकेका नोकराला शुभेच्छा देताना आडून चाचपून पाहतो की हा रिकामा आहे का. सगळ्यांचे बेत ठरलेले. शेवटी नवा पोऱ्या निघतो, सतरा वर्षांचा, त्याचंही गावात कुणी नाही. मालक त्याला जेवायला काय काय मागवायचं ते सांगू लागतो आणि दोघं खुलतात. दोन-तीन मिनिटांचा प्रसंग. सणाच्या दिवशी एकट्या पडणाऱ्या माणसावर याहून चांगलं मला कुठे आढळलं नाही.

*

वसईतल्या ख्रिस्ती घरांत नाताळ म्हणजे मध्यरात्रीची मिस्सा, नाताळगोठा, चांदण्या आणि पाहुण्यांची रीघ. चित्रपट बघत बसायला उसंत कुणाला? खरं तर हा 'चित्रपटांचा नाताळ' आपल्याकडे जास्त करून बिगरख्रिस्ती शहरी घरांत आला. केबल टीव्हीमुळे, इंग्रजी शाळांच्या सुट्टीमुळे. शेजाऱ्यांकडून कलकल नावाचा गोड खाऊ आणि केक यांची ताटली येते, आपल्या घरी केव्हिन चोरांना पायऱ्यांवरून पाडत असतो. वाईट काही नाही. फक्त ताटली देणाऱ्यांच्या घरी जाऊन गोठाही बघून यावा.

*

मुंबईतल्या नाताळच्या रात्रीवर श्रीराम राघवन यांचा 'मेरी ख्रिसमस' (२०२४) आहे. फ्रेंच लेखक फ्रेदेरिक दार यांच्या कादंबरीवर बेतलेला, हिंदी आणि तमिळ अशा दोन्ही भाषांत चित्रित केलेला. चांगला आहे. पण आजी आणि नातवंडं यांच्यामध्ये बसून पाहायचा नव्हे.

*

पाठ झालेला चित्रपट पुन्हा का पाहायचा, हे मराठी माणसाला समजावायला नको. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) लागला की पडद्यावरच्यांच्या आधी घरातले संवाद म्हणून मोकळे होतात. पुढे काय होणार याची चिंता नसली की माणसं पडद्यावरून नजर काढून एकमेकांकडे पाहू शकतात. नवा चित्रपट ती सवड देत नाही. म्हणूनच 'यंदा काहीतरी नवीन पाहू' या सूचनेला घरातलं सगळ्यात लहान मूल सगळ्यात आधी नाही म्हणतं.

*

वेगळं हवं असेल तर सातोशी कोनचा 'टोकियो गॉडफादर्स' (२००३). जपानी अ‍ॅनिमेशन. नाताळच्या रात्री तीन बेघरांना कचऱ्यात एक तान्हं मूल सापडतं आणि ते त्याच्या आईचा शोध घेत शहरभर फिरतात. मोठ्या मुलांसोबत पाहावा. लहानांना जड जाईल.

*

आणि यंदा एकच पाहणार असाल तर 'इट्स अ वंडरफुल लाइफ' पाहा. त्याची रंगवलेली प्रतही मिळते. स्ट्यूअर्टने तिला जाहीर विरोध केला होता आणि त्याचं म्हणणं रास्त होतं. कृष्णधवलच लावा. चित्रपट १३० मिनिटांचा आहे, तेव्हा जेवणं आधी उरका आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना सोफ्याची मधली जागा द्या. पहिला अर्धा तास संथ वाटेल, मुलं कुरकुरतील. पतपेढीचा प्रसंग येईपर्यंत बंद करू नका.